हाडं बोलत नाहीत

या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्या पानावर नाव होतं 'हाडं बोलतात'. मी पेन्सिलनं त्यावर रेघ मारली. लेखिका समोरच बसली होती. म्हणाली, "मॅडम, सगळेच असं म्हणतात." म्हणूनच मारली. चाळीस वर्षं हाडं हाताळली. एकाही हाडानं माझ्याशी कधी चकार शब्द काढलेला नाही. बोलतो तो त्यांच्यापुढे बसलेला माणूस, आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त बोलतो. फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी, सरकारी मराठीत न्यायसहायक मानवशास्त्र, शिकायचं म्हणजे निम्मा वेळ हाडं ओळखायला शिकायचं आणि निम्मा वेळ तोंड आवरायला.

लेखिकेनं अजून तिशी गाठलेली नाही. मानवशास्त्रात एम.एस्सी. करताना आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत तिनं ज्या वह्या भरल्या, त्यांतून हे पुस्तक झालं. कारकीर्द संपल्यावर लिहिलेल्या आठवणी वेगळ्या आणि तयारी चालू असताना केलेल्या नोंदी वेगळ्या. मुरलेली माणसं आपल्या चुका विसरतात, नाहीतर त्यांचे किस्से करतात. हिच्या वहीत चुका अजून ओल्या आहेत. पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, डावं की उजवं हे तिला सहा महिने जमत नव्हतं, आणि तिनं तसं लिहून ठेवलंय. बोकडाच्या बरगडीच्या तुकड्याला एकदा लहान मुलाची बरगडी म्हणून चिठ्ठी लावली, तीही तारीख वहीत आहे. वाचकानं हे भाग गाळू नयेत.

पुस्तकाची खरी सुरुवात एका पत्र्याच्या ट्रंकेपासून होते. मामेभाऊ एमबीबीएसला होता; पहिलं वर्ष संपल्यावर त्यानं आपला 'बोन सेट' हिला दिला. वैद्यकीय वसतिगृहांत हे सेट वर्षानुवर्षं सीनियरकडून ज्युनियरला विकले जातात, जुन्या पुस्तकांसारखे. या ट्रंकेतल्या हाडांवर तीन-चार पिढ्यांचं स्केचपेन होतं: स्नायू जिथून निघतो ती जागा लाल, जिथं रुजतो ती निळी. कवटी कपाळावरून गोल कापलेली, वरची टोपी दोन हुकांनी अडकवलेली. खालचा जबडा स्प्रिंगवर. एका मणक्यावर कुणीतरी आपलं आणि मैत्रिणीचं नाव बदामात कोरलेलं.

घरी अर्थातच गहजब झाला. आजीनं ट्रंक उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. महिनाभर ती गॅलरीत, कुंड्यांच्या मागे होती, आणि ही मुलगी हाताळून आली की हातपाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. एका दुपारी आजी निवडलेले तांदूळ घेऊन गॅलरीत आली. हिच्या हातात मांडीचं हाड होतं. आजीनं विचारलं, "कुणाची गं ही?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही कधी विचारला नव्हता. लेखिकेनं मात्र टेप काढली. उजवं मांडीचं हाड ४१.२ सेंटिमीटर, डावं ४३.५. एकाच माणसाच्या दोन पायांत थोडा फरक असतो, पण तो मिलिमीटरांत मोजण्याइतका. दोन सेंटिमीटरांहून जास्त फरक म्हणजे सहसा हाडं दोन माणसांची. मग तिनं कमरेचं हाड पाहिलं. बसकं, रुंद, पुढचा कोन मोठा: बाईचं. कवटीच्या भुवया जाड, कानामागचा उंचवटा दांडगा: बहुधा पुरुषाची. दुकानदारानं चार ढिगांतून एक सेट जुळवलेला असणार. आजीला तिनं सांगितलं, "दोघांची तरी." आमच्या शास्त्रात याला किमान व्यक्तिसंख्या म्हणतात. खोदकामात हाडांचा ढीग मिळाला की पहिलं गणित हेच असतं, आणि 'तरी' हा शब्द त्या गणितातला सगळ्यात प्रामाणिक शब्द.

त्या दोघांची नावं कळणार नाहीत. ब्रिटिश काळापासून भारत जगाला मानवी सांगाडे पुरवत होता. कलकत्ता या धंद्याचं मोठं केंद्र. लंडन-शिकागोपर्यंत वैद्यकीय वर्गांत लटकणारे सांगाडे इथल्या गरीब, बेवारस माणसांचे असत. १९८५ साली सरकारनं निर्यात बंद केली. देशातल्या देशात जुने सेट हातोहात फिरत राहिले. ज्या विद्येचं काम निनावी माणसाला नाव परत देणं, ती शिकण्यासाठी विद्यार्थी आधी निनावी माणसंच वापरतात. लेखिकेनं ही गोष्ट दुसऱ्याच प्रकरणात, कुठलाही गळा न काढता सांगितली आहे. मला तो पुस्तकातला सर्वांत चांगला भाग वाटतो.

आता तोंड आवरण्याविषयी. पोलीस ठाण्यातून हाडं येतात तेव्हा सोबतच्या पत्रात चार प्रश्न ठरलेले असतात: माणसाची की जनावराची, बाई की पुरुष, वय किती, मरून किती दिवस झाले. पत्र लिहिणाऱ्याला आकडा हवा असतो. हाड आकडा देत नाही, आवाका देतं. वयाचंच घ्या. कमरेची दोन हाडं पुढच्या बाजूला जिथं एकमेकांना भिडतात, तो सांध्याचा पृष्ठभाग वयाबरोबर बदलतो. विशीत त्यावर सरी-वरंबे असतात, नुकत्याच नांगरलेल्या शेतासारखे. पुढे सऱ्या बुजतात, भोवती बांध तयार होतो, उतारवयात बांध झिजून जमीन खड्ड्याखड्ड्यांची होते. टॉड यांनी १९२० मध्ये याच्या दहा पायऱ्या पाडल्या; १९९० मध्ये ब्रुक्स आणि सूची या दोन अभ्यासक बायकांनी त्या सहावर आणल्या. त्यांच्या सहाव्या पायरीत पुरुषाचं सरासरी वय ६१ येतं, आणि आवाका ३४ ते ८६. बावन्न वर्षांचा! पहिल्यांदा हा तक्ता पाहणारा विद्यार्थी हिरमुसतो. पण जो 'साधारण साठ' एवढंच लिहून मोकळा होतो, तो चाळिशीतल्या एखाद्या हरवलेल्या माणसाची फाइल कायमची बंद करतो.

उंचीचंही तसंच. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांची १९५२ ची सूत्रं जगभर पाठ केली जातात: मांडीच्या हाडाची लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१, आणि पुढे-मागे सव्वातीन सेंटिमीटर. ४५ सेंटिमीटरच्या हाडासाठी उत्तर येतं साधारण १६५ ते १७२. हे सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं आहे, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांवरून काढलेलं. ते साताऱ्याच्या शेतमजूर बाईला लावायचं नाही, हे आम्ही पहिल्या वर्षी सांगतो आणि दुसऱ्या वर्षी मुलं विसरतात. त्याहून मोठी गंमत नडगीच्या हाडाची. मोजमाप कसं घ्यायचं हे ट्रॉटरबाईंनी लिहून ठेवलं होतं: खालच्या घोट्याच्या टोकासकट. १९९५ मध्ये जँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच जुनी हाडं पुन्हा मोजली, तर बाईंनी स्वतः मोजताना घोट्याचं टोक सोडून दिलं होतं! परिणामी चाळीसहून जास्त वर्षं पुस्तकाबरहुकूम नडगी मोजणाऱ्यांचे मृतदेह दोन-तीन सेंटिमीटरनं उंच निघत होते. सूत्र पाठ करण्याआधी ते करणाऱ्यानं पट्टी कुठं लावली हे विचारावं, एवढी अक्कल या गोष्टीतून आली तरी पुरे.

मरून किती दिवस झाले या प्रश्नावर तर अमेरिकन न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ विल्यम बास यांची गोष्ट प्रसिद्धच आहे. १९७७ मध्ये टेनेसीत एका जुन्या उकरलेल्या कबरीवर सापडलेलं प्रेत पाहून, मांस अजून गुलाबी आहे म्हणून, त्यांनी मृत्यूला जेमतेम एक वर्ष झाल्याचं सांगितलं. ते निघालं अमेरिकन यादवी युद्धात १८६४ साली पडलेल्या कर्नल विल्यम शाय याचं, औषध भरून लोखंडी पेटीत पुरलेलं. बासनी ही चूक लपवली नाही. मेलेलं शरीर कोणत्या हवेत, कोणत्या मातीत कसं विरतं हे कुणी नीट पाहिलेलंच नाही, हे त्यांना कळलं, आणि पुढच्या काही वर्षांत नॉक्सव्हिलच्या विद्यापीठात दान केलेल्या देहांवर हे पाहणारी जागा उभी राहिली. 'बॉडी फार्म' म्हणून सिनेमा-मालिकांनी तिचा भयपट केला. ते आहे चुकीतून निघालेलं एक शांत शेत.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण अर्जेंटिनाचं आहे. तिकडे ही विद्या विद्यार्थ्यांनीच उभी केली, आणि तयारी नसताना. १९७६ ते १९८३ लष्करी हुकूमशाही होती. माणसं घरातून, कारखान्यातून, बसथांब्यावरून उचलली जात आणि नाहीशी होत. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगानं १९८४ च्या अहवालात ८,९६१ बेपत्ता नोंदवले. मानवाधिकार संघटना आकडा ३०,००० धरतात. दफनभूमींच्या कोपऱ्यांत 'एन.एन.' असं लिहिलेल्या कबरी होत्या. आपल्याकडच्या 'अनोळखी इसम'सारखंच ते. न्यायालयांच्या हुकमानं त्या उकरल्या जाऊ लागल्या, पण उकरायचे ते दफनभूमीचे कामगार, फावड्यांनी आणि काही ठिकाणी यंत्रांनी. कवट्या एकीकडे, पाय दुसरीकडे, गोळ्या मातीबरोबर फेकलेल्या. पुरावा डोळ्यांदेखत पुसला जात होता.

१९८४ च्या जूनमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका मंडळाबरोबर न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथं आले. वय ५६, टेक्ससचे, टोपी आणि सिगार यांच्याशिवाय ज्यांचा फोटो क्वचितच मिळतो असे. त्यांना खोदायला माणसं हवी होती. मान्यवरांनी टाळाटाळ केली. लष्कर कालपर्यंत सत्तेवर होतं आणि उद्या परत येणार नाही याची हमी नव्हती. दुभाष्या म्हणून आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं आपल्या ओळखीची मुलं आणली. बहुतेक विशीतली, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व शिकणारी. त्यांना प्राचीन वस्त्या खणता येत होत्या: दोरीनं चौकोन आखणं, थर ओळखणं, कुंचल्यानं माती झाडणं, चाळणीतून एकेक दात शोधणं. खून कसा पाहायचा हे येत नव्हतं. स्नोंनी या दोन गोष्टी जोडल्या. पहिल्या कबरीवर मुलं घाबरलेली होती, बाजूला पोलीस उभे होते. त्या कबरीत होती ती त्यांच्याच वयाची माणसं, तेव्हाच्या फॅशनच्या कपड्यांत.

१९८५ च्या एप्रिलमध्ये लष्करशहांच्या खटल्यात स्नोंनी साक्ष दिली. पडद्यावर एका तरुणीच्या सांगाड्याच्या स्लाइड्स दाखवल्या: जवळून झाडलेल्या गोळीनं फुटलेली कवटी, आणि कमरेच्या हाडावरचे खड्डे, ज्यांवरून ती बाळंत झाल्याचं त्यांनी सांगितलं. गरोदर असताना उचललेल्या बायकांची मुलं लष्करी कुटुंबांनी वाटून घेतली होती, त्यामुळे न्यायालय हादरलं. छळछावणीतून वाचलेल्यांच्या साक्षीही तेच सांगत होत्या आणि पुढे त्या बाईचा मुलगा सापडला. निष्कर्ष बरोबरच होता. पण त्या खड्ड्यांवरून बाळंतपण सांगता येतं हे मत नंतरच्या संशोधनात टिकलं नाही. असे खड्डे कधीही बाळंत न झालेल्या बायकांत, अगदी पुरुषांतही दिसतात. लेखिकेनं मला विचारलं, हे लिहू का? स्नोंबद्दल तिला अपार आदर आहे. मी म्हटलं, आदर आहे म्हणूनच लिही.

या प्रकरणातला एक धागा मराठी वाचकानं जपून वाचावा. बेपत्ता मुलांच्या आयांपैकी काहींनी उकरायलाच विरोध केला. मुलाची हाडं ताब्यात घेणं म्हणजे तो मेला हे मान्य करणं, मारणाऱ्याचं नाव कुणी घेण्याआधीच हिशेब मिटवणं, असं त्यांना वाटत होतं. विद्यार्थी कुंचले घेऊन तयार, आणि आई म्हणते नको. पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नाही. त्या मुलांनी नकार ऐकून घेतला आणि ज्या घरांना हवं होतं त्यांच्यासाठी काम केलं. त्यांच्या तुकडीची पुढे संस्था झाली. १९९७ मध्ये बोलिव्हियात चे गेव्हाराचे अवशेष ओळखण्यात ती होती. अनेक देशांत तिनं खोदलं आणि तिथल्या मुलांना शिकवलं.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही, फक्त दुसऱ्या नावानं नांदत होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतला कमीजास्तपणा वंशानुसार बदलतो, आणि त्यात गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी गुरुजींची धारणा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा आधारस्तंभ झालेल्या माणसाच्या संस्थेत बसून एका मराठी मुलीनं पट्टी खाली ठेवून हे सांगितलं. आमच्या धंद्यातलं मी ऐकलेलं हे सर्वांत धीट वाक्य. त्या कवट्यांतल्या काही जर्मन वसाहतींमधून आणलेल्या होत्या, म्हणजे त्याही आपल्या ट्रंकेसारख्याच, कुणाच्या तरी, हे विसरू नये.

नंतर डेक्कन कॉलेजनं शिरूरजवळ इनामगावला १९६८ ते १९८३ खणलं. तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांच्या घरांखाली लहान मुलं दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली. मोठी माणसं आडवी, बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली. मेलेल्यानं परत चालत येऊ नये म्हणून, असं सांगतात. पटण्यासारखं आहे, पण हाडात आहे ती फक्त पावलांची गैरहजेरी. 'म्हणून' आपला. दोघांमधली रेघ लेखिकेला इनामगावनं शिकवली, असं ती म्हणते.

अजनाल्याचा धडा उलटा आहे. पंजाबमधल्या या गावच्या विहिरीतून २०१४ मध्ये १८५७ च्या शिपायांचे अवशेष निघाले. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून निसटलेल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या २८२ शिपायांना अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर यानं संपवल्याची नोंद त्याच्याच पुस्तकात आहे. गावकऱ्यांनी भक्तिभावानं, पण घाईनं विहीर उपसली. हाडं मोडली, मिसळली. दात मात्र शाबूत राहिले. २०२२ मध्ये दातांमधला डीएनए आणि समस्थानिकं तपासून ही माणसं पंजाबी नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली, असं दाखवता आलं. विहीर सावकाश उपसली असती तर आणखी कितीतरी कळलं असतं.

महाराष्ट्रात असं काम कुठं होतं? पाया खणताना जेसीबीच्या दातात कवटी येते. गर्दी जमते, मोबाइल निघतात, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, हाडं गोणीत भरून सरकारी रुग्णालयात जातात. खून असेलच असं नाही. लिंगायतांत बसवून पुरतात, कितीतरी जातींत लहान मुलांना पुरतात, आणि जुनी स्मशानं आता प्लॉट झालीत. बसलेल्या अवस्थेतला सांगाडा सापडला तर आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं, हे लेखिकेनं एका हवालदाराकडून शिकून वहीत लिहिलंय. गोणीत भरण्याआधी एक फोटो, शेजारी पट्टी, कुठलं हाड कुठल्या बाजूला होतं याची चार ओळींची नोंद, एवढं झालं तरी पुढच्याचं निम्मं काम होतं.

नोकरीचं विचाराल तर गुळगुळीत उत्तर देणार नाही. 'फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट' अशी पाटी असलेल्या जागा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हाडं बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या न्यायवैद्यक विभागात जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनं सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं सक्तीचं केलंय, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. माणसं लागतील. ती कुठून येणार याचा विचार कागदावर जितका दिसतो तितका प्रयोगशाळेत दिसत नाही. मुलीला या वाटेनं जाऊ देऊ का, असं विचारणाऱ्या आईबापांना मी सांगते: जाऊ द्या, पण सोबत डीएनए किंवा आकडेशास्त्र यांपैकी एक तरी हत्यार पक्कं करून घ्यायला सांगा.

मराठीत एक क्रियापद आहे, सावडणं. तिसऱ्या दिवशी घरची माणसं स्मशानात जातात, राख बाजूला सारतात आणि हाडं हातानं वेचतात, घाई न करता, एकही सुटू नये म्हणून. जळालेल्या हाडांवरच्या प्रकरणाला लेखिकेनं हेच नाव दिलंय. हाड किती तापलं हे रंगावरून कसं सांगावं, काळं कुठं, राखाडी-निळसर कुठं, खडूसारखं पांढरं कुठं. मांसासकट जळालेलं हाड वाकून तडकतं आणि आधीच सुकलेलं वेगळं तडकतं, हे सगळं तिनं आजोबांच्या अस्थी सावडताना पाहिलेल्या गोष्टींपासून सुरू केलंय. मी चाळीस वर्षं हा विषय इंग्रजी शब्दांत शिकवत होते. हा शब्द मला सुचला नाही, याची थोडी लाज वाटते.

पुस्तकाला आता लेखिकेनं दुसरं नाव दिलं आहे. ते मला विचारून दिलेलं नाही, हे बरं झालं.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, डॉक्टर झालेल्या भावाच्या किंवा काकांच्या सामानात अशी एखादी ट्रंक असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि नदीतही सोडू नका. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी बोला आणि रीतसर पावती घेऊन तिथं पोचवा. ती कुठून, कुणाकडून, कोणत्या साली आली हे आठवत असेल तर एका कागदावर लिहून आत ठेवा.